सोळा नियमांचं व्याकरण: पुरेसं की अर्धवट?

बोरूबहाद्दर:
एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेचं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "अख्ख्या भाषेचं व्याकरण सोळा नियमांत!" माझ्या मते ही जाहिरात आहे, व्याकरण नव्हे.

१८८७ साली वॉर्सात डोळ्यांचे डॉक्टर झामेनहोफ यांनी 'डॉक्टर एस्परांतो' या टोपणनावाने एक रशियन पुस्तिका काढली. पानं चाळीस, खर्च सासऱ्यांचा. प्रस्तावना, थोडे नमुने, सोळा नियम आणि सुमारे ९०० मूळशब्दांचा एका कागदावर मावणारा कोश. सोबत कुपनं: एक कोटी लोकांनी असंच वचन दिलं तर मीही ही भाषा शिकेन, अशी सही करून पाठवायची. कोटी कुठले, कुपनं आली हजाराच्या घरात.

नियम दिसायला झकास आहेत. नाम 'ओ'ने संपतं, विशेषण 'आ'ने. वर्तमानाला 'आस', भूताला 'इस', भविष्याला 'ओस', अपवाद नाही. पण 'ला' हे उपपद (इंग्रजीतल्या 'द'सारखं) कधी लावायचं? १९०५च्या 'फुंडामेंतो' या भाषेच्या पायाभूत पुस्तकात हेच नियम कायमचे गोठवले गेले. त्याच्या फ्रेंच मजकुरातली टीप सांगते की वापर फ्रेंच-जर्मनसारखाच, आणि ज्यांना जड जाईल त्यांनी नाही वापरलं तरी चालेल. आता मराठी माणसाने यातून काय बोध घ्यायचा? आपल्याकडे उपपद ही चीजच नाही. युरोपातली एखादी भाषा आधीपासून येणाऱ्यालाच हे सोळा नियम पुरतात.

पेठकर:
साफ असहमत. पाणिनीने जवळजवळ चार हजार सूत्रं लिहिली, कारण भोवती संस्कृत बोलणारे होते, तपासायला जिवंत भाषा होती. झामेनहोफच्या भाषेला बोलणारे होते कुठे? नसलेल्या भाषेचं संपूर्ण व्याकरण लिहिणं म्हणजे बारशाआधी लग्नपत्रिका छापणं.

जरा फोलाप्युककडे बघा. जर्मन धर्मगुरू श्लायर यांची ही भाषा एस्परांतोच्या आधीची आणि तेव्हा जोरात होती. १८८९च्या पॅरिस अधिवेशनात सगळं कामकाज तिच्यातच चाललं. लोकांनी सुधारणा मागितल्या तर श्लायर नकाराधिकारासाठी अडून बसले, आणि काही वर्षांत डाव मोडला. झामेनहोफनी पहिल्याच पुस्तिकेत भाषेवरचे सगळे हक्क सोडले. नियम थोडे आणि मालक नाही, म्हणून ती टिकली.

वांगीभात:
युरोपच्या बाहेरच्यांना अवघड, हे सरसकट नका म्हणू हो. कर्माला 'न' लावायचा, यावर इंग्रजी आणि फ्रेंच मंडळी जन्मभर अडखळतात. 'हुंदो मोर्दास काटोन' म्हणजे कुत्रा मांजराला चावतो. 'काटोन मोर्दास हुंदो' म्हटलं तरी चावणारा कुत्राच. आपण मराठीत 'ला' प्रत्यय लावून हेच करतो, मला पाच मिनिटांत समजलं. जेव्हा-तेव्हा-केव्हा, जसा-तसा-कसा अशी आपली रचना असते ना, तसा तक्ताही आहे तिथे.

बोरूबहाद्दर:
तो तक्ता सोळा नियमांत नाहीच, हेच तर माझं म्हणणं! आणि तो पहिल्या फटक्यात जमलाही नव्हता. मुळात 'केव्हा'साठी 'कियान' होतं. पण 'किया' म्हणजे कसा, त्याला कर्माचा 'न' लावला की तेही 'कियान'च. पुढच्याच वर्षी ते 'कियाम' करावं लागलं.

त्याहून मोठी गोम सहाव्या नियमात. कर्मणीची रूपं दिली, ती नेमकी कधी वापरायची ते नाही दिलं. 'घर अमुक साली बांधलं गेलं' हे कसं म्हणायचं: 'एस्तिस कोन्स्त्रुइता' की 'एस्तिस कोन्स्त्रुआता'? एक गट म्हणे क्रिया पुरी झाली, म्हणून 'इता'. दुसरा म्हणे भूतकाळ 'एस्तिस'ने सांगितलाच आहे, म्हणून 'आता'. जो तो आपापल्या मातृभाषेच्या कानाने ऐकत होता. भले भले जाणकार एकमेकांवर तुटून पडले, आणि १९६७मध्ये एस्परांतोच्या अकादमीने 'इता'च्या बाजूने कौल दिला तेव्हा कुठे जरा शांतता झाली. पुस्तिका निघाल्यावर ऐंशी वर्षांनी!

पेठकर:
मग? निकाल लागला ना? आणि लागला तो वापरणाऱ्यांनी तोवर काय लिहिलं होतं ते बघून. मराठीत 'मी गेलेलो' की 'मी गेलो होतो' यावर आजही लोक हमरीतुमरीवर येतात, म्हणून मराठीला व्याकरण नाही असं कुणी म्हणत नाही.

शिवाय १८९४ विसरू नका. खुद्द झामेनहोफनी सुधारणांचा मसुदा मांडला. त्यात टोपीवाली (डोक्यावर खूण असलेली) अक्षरं जाणार होती, कर्माचा 'न'सुद्धा. 'ला एस्परांतिस्तो' मासिकाच्या वर्गणीदारांचं मत घेतलं, तर बहुमताने नको म्हणाले. झामेनहोफनी ते निमूटपणे मान्य केलं. आता श्लायर आठवा.

बोरूबहाद्दर:
आठवले. पण ते वर्गणीदार कोण होते? बहुतांश रशियन साम्राज्यातले. रशियन आणि पोलिश दोन्हींत कर्माची विभक्ती आहेच. त्यांना तो 'न' कशाला खुपेल?