प्रति: सेन्सरमध्ये सोनंच का?
डीएनए ओळखणाऱ्या सेन्सरच्या चिपवर सोनंच का वापरतात, असा प्रश्न आहे. सोनं गंजत नाही म्हणून, हे त्यावर कुणीतरी दिलेलं उत्तर बरोबर, पण अर्धंच. खरी किमया गंधकाची. डीएनएच्या धाग्याच्या टोकाला थायॉल गट (गंधक आणि हायड्रोजनची जोडी) जोडला की त्यातला गंधक सोन्याला घट्ट धरतो. तेवढ्यानं मात्र भागत नाही! डीएनएचे बेससुद्धा, म्हणजे दोन धाग्यांना एकमेकांशी जुळवणारे घटकसुद्धा, सोन्याला चिकटतात, धागे आडवे पडून राहतात आणि ओळखायचा जोडीदार धागा आला तरी जुळणी नीट होत नाही. म्हणून नंतर चिप मर्कॅप्टोहेक्झेनॉल या थायॉल गट असलेल्या छोट्या रेणूच्या द्रावणात बुडवतात. हे छोटे रेणू मोकळ्या जागा भरतात आणि आडव्या धाग्यांना उठवून उभं करतात. हर्न आणि टार्लोव्ह या संशोधकांनी १९९७ मध्ये हे फार सुंदर दाखवलं. आणि हो, धागे फार दाटीनं बसले तरी जुळणी घटते, त्यामुळे डीएनएच्या द्रावणाची तीव्रता आणि बुडवण्याचा वेळ, दोन्ही सांभाळावं लागतं.