पहिली इम्पॅक्ट गन (ठोके देत नट फिरवणारी) घ्यायचीय, बजेट कमी आहे, कोणती घेऊ?

नवापाना:
नमस्कार मंडळी. गॅरेजला लागून चार महिने झाले, आत्तापर्यंत सगळं रॅचेट आणि पाइप लावूनच करतोय. चाकं, ब्रेक, खालचं सस्पेन्शन, सगळं. वस्तादांची हवेची गन आहे पण ती त्यांच्या हातातून सुटली तर मला मिळणार, आता तेच म्हणाले की स्वतःची घे. पगार नुकता सुरू झालाय, त्यामुळे चुकीची घेतली तर वर्षभर तीच वापरावी लागणार. एका गनवर जोर १००० न्यूटन मीटर लिहिलाय, दुसरीवर ३५०, एक १८ व्होल्ट तर एक २० व्होल्ट, आणि वायरवाली सगळ्यात स्वस्त. जास्त आकडा म्हणजे चांगली असं धरायचं का? आणि गोटी (सॉकेट) बसते तो चौकोनी दांडा अर्धा इंच घेऊ की ३/८?

आटेसांभाळा:
अर्धा इंच घे, डोळे झाकून. ३/८ छान असते पण ती दुसरी गन म्हणून, इंजिन बेमधे अडचणीच्या जागी. पहिली एकच घ्यायची असेल तर चाकाचा नट निघालाच पाहिजे ना.

आता आकड्यांचं. बऱ्याच कारचे चाकाचे नट ९० ते १४० न्यूटन मीटरला आवळलेले असतात, मग ३५० वाली पुरेल असं वाटतं, पण गंजलेला किंवा आधीच्या माणसाने उभं राहून आवळलेला नट सोडायला त्याच्या दुप्पट तिप्पट जोर लागतो, आणि एक्सल नट तर कित्येक गाड्यांत मुळातच २००-३०० ला बसवलेला असतो. शिवाय डब्यावर मोठ्या अक्षरात लिहितात तो बहुतेक वेळा नट सोडायचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, असतो, आवळायचा वेगळा आणि कमी, तो आत बारीक अक्षरात असतो. दोन गनची तुलना करताना हा याच्याशी आणि तो त्याच्याशीच लाव, नाहीतर फसशील. काही ठिकाणी आकडा फूट पाउंडात असतो, त्याला १.३६ ने गुणलं की न्यूटन मीटर. माझ्या मते आवळायचा ४००-५०० असलेली मधली गन तुला पुरून उरेल. १००० वाली जड असते, गाडीखाली हात वर करून दिवसभर धरून बघ, खांदा भरून येतो, आणि नवीन हाताला तेवढी ताकद दिली की स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा, तुटायला वेळ लागत नाही.

१८ आणि २० व्होल्टच्या मागे लागू नको, दोन्हीत आत पाच सेल एकामागे एक असतात, पूर्ण चार्ज झाल्यावरचा आकडा लिहिला की २० आणि चालू कामाचा लिहिला की १८. त्यापेक्षा बॅटरी किती अँपिअर अवरची आहे, म्हणजे चार्ज किती साठवते, ते बघ. २ वाली लावली तर गन जाम नटावर दमते, ४ किंवा ५ वाली लावली की तीच गन वेगळी वाटते, कारण सेलच्या जोड्या असतात आणि करंट भरपूर मिळतो. मोटर ब्रशलेस (आत घासणारे कार्बन ब्रश नसलेली) असेल तर उत्तम.

हवावाला:
वरचं सगळं पटलं, फक्त एक. गॅरेजमधे कॉम्प्रेसर असेलच, कारण वस्ताद हवेचीच वापरतात, मग हवेची गन का नको? तेवढ्याच पैशात जास्त जोर मिळतो, बॅटरी मरायची भीती नाही. फक्त टाकी मोठी पाहिजे, लहान टाकीवर दोन चाकं सोडली की प्रेशर पडतं आणि गन नुसती टकटक करत बसते. गनपाशी ६ बारच्या आसपास, म्हणजे ९० पीएसआय, मिळायला हवं, कॉम्प्रेसरच्या घड्याळावरचं नाही, पाइप आतून १० मिलिमीटर तरी हवा. रोज सकाळी टाकीतलं पाणी सोड आणि गनमधे दोन थेंब एअर टूलचं तेल टाक. वायरवाली स्वस्त आहे खरी पण जड, आणि वायर जॅकखाली नाहीतर चाकाखाली जाते, मला तरी नको वाटते.

नवापाना:
कॉम्प्रेसर आहे पण पंक्चरवाला पोरगा दिवसभर तोच वापरतो, आणि बंद पडलेल्या गाडीवर बाहेर पण मलाच पाठवतात, म्हणून बॅटरीचीच बघतो. सॉकेट सेट आहे माझ्याकडे, चकचकीत क्रोमवाला, तो चालेल ना?

आटेसांभाळा:
नाही, तो अजिबात लावू नको. मी लावला होता, सुरुवातीला, १९ ची गोटी. दोन आठवडे काही झालं नाही आणि मग एका चाकावर फट्कन आवाज येऊन गोटी उभी चिरली, एक कपची मनगटाजवळ बाहीत रुतून बसली. डोळ्याच्या दिशेने गेली असती तर? क्रोमवाल्या हाताच्या कामासाठी कडक केलेल्या असतात, गनचे ठोके त्यांना सोसत नाहीत, तडकतात. काळ्या इम्पॅक्ट गोट्या वेगळ्या स्टीलच्या आणि जाड भिंतीच्या असतात. पूर्ण सेट नको घेऊस, १७, १९, २१ च्या खोल गोट्या आणि एक छोटं इम्पॅक्ट एक्स्टेन्शन एवढ्यावर चाकांचं बरंचसं काम निघतं. गनचे थोडे पैसे कमी करून हे घे आणि गॉगल घे.

आणि एक टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळता येतं तो. गन सोडायला, आवळायला नाही. नट आधी बोटाने तीन-चार आटे फिरव, अडला तर तिथेच थांब, उलटा काढ, परत लाव. मग गनने हलकं टेकव, गाडी खाली घे, शेवटचं क्रॉसमधे (एकानंतर समोरचा नट असं) टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधे असेल तेवढंच.

नवापाना:
वस्ताद गननेच आवळतात सगळं, त्यांच्यासमोर टॉर्क पाना काढला तर वाईट वाटेल त्यांना असं वाटतं...

हवावाला:
अरे नाही वाटणार. "मला अजून हाताचा अंदाज नाही, म्हणून बघून घेतो" एवढंच म्हण, खरंच आहे ते. आमच्याकडे मी तसंच सुरू केलं होतं, आता ॲलॉय व्हील असली की सगळे माझाच पाना मागतात. बरं, गन घेशील तेव्हा तोंडावर गोटी पकडायला रिंग आहे की पिन ते बघ, रिंगवाली घे, दिवसाला शंभर वेळा गोटी बदलताना पिन दाबत बसणं जमत नाही.