जोडसुट्टीतली क्रूझ: आदल्या दिवशी मुंबई गाठायची की त्याच सकाळी पुण्याहून निघायचं?

उलटी दिशा
यंदा (२०२६) २६ जानेवारी सोमवारी आली आहे, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी. शनिवारी संध्याकाळी पाचला मुंबईहून सुटणारं गोव्याचं जहाज धरायचं आहे असं समजा. जो तो सांगतो, आदल्या रात्री फोर्टात मुक्काम करा. माझ्या मते हा खर्च निव्वळ वाया. जहाज सुटतं ते बॅलार्ड पिअर पुण्याहून साधारण दीडशे किलोमीटर. शनिवारी सकाळी अर्धी मुंबई लोणावळ्याकडे निघालेली असते आणि आपण जाणार उलट्या दिशेनं. आठला निघायचं, पळस्प्याला एक्स्प्रेसवे सोडायचा, जेएनपीटीच्या रस्त्यानं गव्हाण फाटा, तिथून अटल सेतू, शिवडीला फ्रीवे. ऑरेंज गेटला उतरलं की गोदी आलीच. कारचा टोल एक्स्प्रेसवेला ३२० आणि सेतूला २५० रुपये. बारापर्यंत आरामात. कोणाचं काय मत?

घाटमाथा
साफ असहमत. "उलटी दिशा" हाच यातला सापळा आहे.

खंडाळा ते खालापूर या पट्ट्यात जुना हायवे आणि एक्स्प्रेसवे एकत्र येतात, दोन रस्त्यांची वाहनं एकाच रस्त्यावर. घाटाला बगल देणारा नवा रस्ता, 'मिसिंग लिंक', जानेवारी २०२६ पर्यंत तरी सुरू झालेला नाही, त्यामुळे दुसरी वाट नाही. जोडसुट्टीच्या सकाळी पुण्याकडे चढणाऱ्या गाड्या पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगतात. कुणाचा क्लच जळतो, कुणाचं इंजिन तापतं, आणि अशी एक गाडी मधल्या लेनमध्ये बंद पडली की मागे रांग लागते. मग महामार्ग पोलीस काय करतात? मुंबईकडे येणारी वाहनं दहा-दहा मिनिटं रोखून धरतात आणि मोकळ्या झालेल्या लेनमधून पुण्याकडची वाहनं सोडतात. असे तीन-चार ब्लॉक लागोपाठ झाले की उतरणाऱ्यांचीही रांग लागते. घाटातला अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला, नाव मात्र अजून तिथेच आहे आणि गर्दीही. म्हणजे जाम दुसऱ्यांचा, पण थांबायचं आपण.

उलटी दिशा
ब्लॉकचा मुद्दा मान्य. मग आठऐवजी सहाला निघू. मुक्काम तरीही लागत नाही.

सव्वासातची राणी
घाटातच जायचं तर रुळावरून जा की! डेक्कन क्वीन पुण्याहून ७.१५ ला सुटते, १०.२५ ला सीएसएमटी. ती हुकली तर मागोमाग ७.५० ची प्रगती आहे. घाट उतरताना वेग बांधलेला असतो, पण तो वेळापत्रकात धरलेलाच आहे. गाडी तासभर उशिरा आली तरी साडेअकरा. शिवाय तीन दिवस कार कुठे उभी करणार, हा प्रश्नच उरत नाही.

अडचण आरक्षणाची. आता ६० दिवस आधी खुलं होतं आणि जोडसुट्टीच्या जागा लगेच भरतात. क्रूझ बुक केली त्या दिवशीच कॅलेंडरवर साठावा दिवस मांडून ठेवा. ई-तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्ये राहिलं तर आपोआप रद्द होतं, ते दाखवून डब्यात चढता येत नाही.

बॅलार्ड बंदरकर
घाटावर इतकी चर्चा झाली, पण शेवटच्या दोन किलोमीटरबद्दल कुणी बोललंच नाही. लोक तिथेच चुकतात.

क्रूझ टर्मिनलला जायचं ते ग्रीन गेटनं, बॅलार्ड इस्टेटमधून. गोदीच्या गेटांना रंगांची नावं आहेत: ऑरेंज, रेड, ग्रीन. फ्रीवे ऑरेंज गेटपाशी उतरतो म्हणजे आपण पोचलो असं नाही. तिथून पुढे पी. डिमेलो रोडनं दक्षिणेला यायचं, आणि ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याच्या कामामुळे तोच उतार अडलेला असतो. टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ" सांगू नका. २०१८ ला सुरू झालेली आंग्रिया क्रूझ भाऊच्या धक्क्याच्या बाजूनं सुटायची, मांडव्याची रो-रो (गाड्या नेणारी बोट) अजूनही तिथूनच सुटते, त्यामुळे गाडी माझगावकडे वळू शकते. "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट" असं स्पष्ट सांगा.

सीएसएमटीला उतरलात तर मुख्य इमारतीकडे न जाता १८ नंबर फलाटाच्या बाजूनं पी. डिमेलो रोडवर बाहेर पडा. पुढे जीपीओला वळसा घालून चालत पंधरा-वीस मिनिटं. पुणेकरांसाठी खास सूचना: इथे रिक्षा नसते. काळी-पिवळीचं किमान भाडं ३१ रुपये, आणि एवढ्या जवळचं भाडं म्हटल्यावर टॅक्सीवाला मान हलवण्याची शक्यता जास्त.

उलटी दिशा
बरं, पण अकराला पोचून करायचं काय? जहाज पाचला सुटतं.

बॅलार्ड बंदरकर
पाचला दोर सुटतात हो, दार पाचला बंद होत नाही. बहुतेक कंपन्या सुटण्याच्या तास-दीड तास आधी चेक-इन बंद करतात, कारण प्रवाशांची अंतिम यादी द्यावी लागते. जहाज बंदराबाहेर काढणारा पायलट आणि ते ओढणाऱ्या टग बोटी यांची वेळ बंदराकडून ठरलेली असते, एका कुटुंबासाठी ती हलत नाही. त्याआधी गेटवर ओळखपत्र, मग सामानाचा एक्स-रे, मग काउंटर. वेब चेक-इनला जो तासाचा स्लॉट मिळतो त्याच तासाला या. फार आधी आलात तर बाहेर उन्हात उभे राहाल.

सामानाच्या टॅगचा कागद घरीच छापा, घडी घालून हँडलभोवती गुंडाळा, वरून रुंद पारदर्शक सेलोटेप आणि दोन स्टेपल. नुसता स्टेपल मारलेला कागद बॅगांच्या ढिगात फाटतो आणि मग बॅग खोलीच्या दाराशी यायच्याऐवजी बेवारशी सामानात जाते. आधार कार्ड, औषधं, चार्जर त्या बॅगेत ठेवू नका, ती संध्याकाळपर्यंत हाती येत नाही. इस्त्री आणि चहाची किटली एक्स-रेत दिसली की काढून घेतात.

घाटमाथा
आणि हुकलंच तर "विमानानं गोव्याला जाऊन तिथे चढू" हे डोक्यातून काढा. कंपनीनं आधी लेखी परवानगी दिली नसेल तर गोव्याच्या मुरगाव बंदरात कुणी चढवून घेत नाही. न आलेल्या प्रवाशाचे पैसे सहसा बुडतातच.

खामल्याचा संत्रेवाला
सगळी चर्चा पुण्याचीच चालली आहे, आमच्या नागपूरकडेही बघा! जानेवारीत आम्हाला त्याच दिवशीचं विमान धोक्याचं. दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं विमानच पुढे नागपूर-मुंबई करणार असेल, तर नागपुरात लख्ख ऊन असूनही उशीर होतो. आदल्या दिवशीच यावं लागतं. मात्र विमानतळावरून टॅक्सी करू नका. टी-२ टर्मिनलवरून मेट्रो ३ थेट सीएसएमटीला येते, ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे. भुयारात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तिकीट आणि बोर्डिंग पासचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा.

सव्वासातची राणी
आदल्या दिवशी यायचंच तर फोर्टच कशाला? पनवेल-वाशीला राहा. घाट मागे पडलेला, हार्बर लोकल थेट सीएसएमटी.

बॅलार्ड बंदरकर
हार्बर लोकल १-२ नंबरला लागते, म्हणजे पी. डिमेलो रोडच्या बरोब्बर उलट्या टोकाला. दोन मोठ्या बॅगा आणि आजी-आजोबा सोबत असतील तर ते अंतर मोजून घ्या. चाकं गुळगुळीत फरशीपुरतीच कामाची, बॅलार्ड इस्टेटच्या फूटपाथवर बॅग उचलावी लागते.

उलटी दिशा
ठीक. क्वीनचं आरक्षण मिळालं तर क्वीन, नाहीतर पहाटे पाचला कार. फोर्टातलं हॉटेल मी अजूनही घेणार नाही.

घाटमाथा
पाचला निघालात तर उर्श्याचा टोलनाका ओलांडतानाच मुंबईकडच्या बाजूचं ट्रॅफिक एकदा नकाशावर बघा. लाल दिसलं तर तळेगावला उतरून स्टेशन गाठायला तेव्हा वेळ असतो, लोणावळ्यानंतर नसतो.

सव्वासातची राणी
तळेगावला क्वीन थांबत नाही, काका.