विकतच्यापेक्षा सरस ठरलेली मुक्त सॉफ्टवेअर : आपले अनुभव लिहा

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, गणेश मंडळांच्या पावत्या अशी कामे चालतात. २०१९ च्या पुरात आम्ही बहुतेक संगणक माडीवर नेले, पण खाली राहिलेल्या एका संगणकाच्या मागे मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (परवाना तपासणारा छोटा प्लग) लावलेला होता आणि तो चार दिवस पाण्यात राहिला. डोंगलशिवाय ते सॉफ्टवेअर सुरूच होत नसे. विक्रेत्याने नवी प्रत घेण्यास सांगितले. पंधरा वर्षांचा मजकूर आमच्याच कपाटात होता, तरी त्याची किल्ली दुसऱ्याकडे होती, हे तेव्हा उमगले.

पेजमेकर या पाने लावण्याच्या विकतच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फायली लिबरऑफिस या मुक्त कार्यालयीन संचाच्या ‘ड्रॉ’मध्ये उघडल्या. मजकूर रोमन अक्षरांची भेळ होऊन आला, कारण जुना फाँट युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षर-संकेतांचा, नव्हता. जुन्या फाँटचे युनिकोड करणाऱ्या परिवर्तकातून काढून रफार आणि जोडाक्षरे हाताने दुरुस्त करावी लागली. आता नवी पाने स्क्रायबस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लावतो. १.५.३ या आवृत्तीपासून त्यात देवनागरी जोडाक्षरे नीट बसतात, आणि ‘मुक्ता’सारखे मुक्त परवान्याचे फाँट छपाईत देखणे दिसतात. जुन्या अहवालातील एखाद्या सभासदाचे नाव आता शोधून सापडते, जे पूर्वी कधीच शक्य नव्हते.

आपणही असे अनुभव लिहावेत. ‘फुकट मिळाले’ एवढे कारण पुरेसे धरू नये; काम कोठे अधिक चांगले झाले ते सांगावे, आणि जेथे फसले तेही सांगावे.

— शिरोली औद्योगिक वसाहतीतून, पॅटर्न बनवणारा :

फौंड्रीत धातू ओतण्याचा साचा ज्यावरून घेतात, असे लाकडी आणि अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न बनवण्याचा आमचा पिढीजात धंदा आहे. वडील आकुंचन धरून आखलेल्या पट्टीने मापे घेत असत, कारण करड्या बिडाचा ओतीव भाग थंड होताना साधारण एक टक्का आखडतो आणि ३०० मिलिमीटरच्या भागासाठी पॅटर्न ३०३ मिलिमीटरचा करावा लागतो. मी अनेक वर्षे वार्षिक भाड्याचे सॉफ्टवेअर वापरत होतो. एका मंदीच्या वर्षी भाडे भरणे जमले नाही, तेव्हा माझीच ड्रॉइंग मला उघडता येईनात. ग्राहकाचा फोन आला की जुन्या कागदी प्रिंटवरून उत्तर देत असे.

तेव्हा फ्रीकॅड हे त्रिमितीय आरेखनाचे मुक्त सॉफ्टवेअर शिकलो. आकुंचन, मशिनिंगसाठी ठेवायची वाढ आणि साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून द्यायचा उतार हे तिन्ही आकडे मी त्याच्या स्प्रेडशीटमध्ये ठेवतो आणि सगळी मापे त्या रकान्यांशी जोडतो. फौंड्रीने ‘वाढ तीनऐवजी चार धरा’ असे कळवले की एक आकडा बदलतो आणि पूर्ण पॅटर्न नव्याने उभा राहतो. वजनही लगेच कळते. त्यातच पायथन या प्रोग्रामिंग भाषेची एक ओळ लिहिली की घनफळ मिळते. ते १२,५०,००० घन मिलिमीटर असेल तर बिडाची घनता ७.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरून भाग ९ किलोचा होतो. रनर आणि रायझर, म्हणजे धातू साच्यात नेणारी वाट आणि आकुंचन भरून काढणारा जादा साठा, यांचे वजन मात्र वेगळे मोजावे लागते, हे नव्या मुलांना दर वेळी सांगावे लागते. शिवाय त्याची फाइल म्हणजे एक झिप असते आणि तिच्या आत वाचता येणारी एक्सएमएल फाइल असते, त्यामुळे उद्या काहीही झाले तरी माझी मापे माझ्या हातात राहतील.

त्रुटीही लिहितो. पूर्वी सुरुवातीचे एखादे रेखाटन बदलले की पृष्ठांची क्रमवारी हलून कडांची गोलाई भलत्याच कडेवर जाऊन बसत असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आवृत्ती आली, त्यात हे दुखणे बरेच कमी झाले. तरी शेकडो भागांची जोडणी असेल तर मी आजही मित्राच्या कार्यालयात जाऊन विकतचे सॉफ्टवेअर वापरतो. वडील अजूनही प्रत्येक नव्या पॅटर्नवर आपली पट्टी ठेवून बघतात आणि त्यांना ते बघू द्यावे असेच मला वाटते.

— दृष्टिहीन बँक कर्मचारी, राजारामपुरी :

मी पडदा ऐकून काम करतो. पूर्वीचे विकतचे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) एकाच संगणकाशी बांधलेले होते. बदली झाली किंवा संगणक बदलला की परवान्यासाठी अर्ज, स्मरणपत्र आणि पुन्हा अर्ज असा प्रवास होत असे. एका दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेले एनव्हीडीए हे मुक्त स्क्रीन रीडर पेनड्राइव्हवर ठेवून, इन्स्टॉल न करता चालवता येते. मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरायला नेट कॅफेत गेलो, खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि पाचव्या मिनिटाला स्वतः अर्ज वाचत होतो. त्याच्या ईस्पीक आवाजात मराठीही आहे. तो आवाज यांत्रिक आहे, पाहुण्यांना तो भांडण वाटतो. पण सवय झाली की इतक्या वेगाने ऐकता येतो की गोड आवाजांनी मला काम करवतच नाही.

— स्थापत्य अभियंता, पूरग्रस्त भागातील रहिवासी :

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे येथील शाळकरी मुलालाही पाठ असते. आमच्या गल्लीत पाणी कोणत्या घरापाशी कधी पोहोचेल, हे मात्र त्या आकड्यांवरून समजत नाही. आम्ही क्यूजिस या नकाशाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून बनवलेला मुक्त) नकाशा घेतला आणि त्याखाली उपग्रहावरून काढलेली उंची घातली. पहिला प्रयत्न फसला. ती उंची तीस मीटरच्या चौकटीची असते आणि तिच्यात काही मीटरची चूक असू शकते. गल्लीच्या हिशेबात ती निरुपयोगी ठरली. मग आम्ही लेव्हल यंत्र लावून जुन्या पूररेषांच्या खुणांपासून प्रत्येक उंबऱ्याची उंची मोजली, तीच क्यूजिसमध्ये भरून समतल रेषा काढल्या आणि तो नकाशा छापून तालमीच्या भिंतीवर लावला. विकतच्या नकाशा-सॉफ्टवेअरवर मी नोकरीत काम केले आहे. तेथे हे काम माझ्या एकट्याच्या संगणकावर अडकले असते. येथे तीच फाइल गल्लीतल्या पाच पोरांनी आपापल्या लॅपटॉपवर उघडून माझ्या दोन चुका दाखवल्या.

— संशोधक विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ :

माझे संख्याशास्त्रीय विश्लेषण आर या मुक्त प्रोग्रामिंग भाषेत आहे. प्रश्नावलीतील अकरा नोंदी दुबार निघाल्या, तेव्हा त्या काढून आज्ञावली पुन्हा चालवली आणि सर्व तक्ते अर्ध्या मिनिटात नवे झाले. माझ्या मैत्रिणीने विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये मेनूवर टिचकी मारत काम केले होते आणि आपण कोठे काय दाबले होते याची तिने नोंद ठेवली नव्हती. तिथेही आज्ञा जतन करता येतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते, हेही खरे.

— लग्नाचे चित्रीकरण करणारा, गांधीनगर :

व्हीएलसी हा मुक्त व्हिडिओ प्लेअर. पाहुणे कोणत्याही फोनवरून काहीही पाठवोत, ते चालते. याहून अधिक लिहिण्यासारखे नाही.

— गुळाच्या अडत दुकानाचे हिशेब पाहणारा, मार्केट यार्ड :

सर्वांचा आदर राखून वेगळा सूर लावतो. मी नूकॅश या हिशेबाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर चार महिने काढले. द्विनोंदी पद्धत त्यात स्वच्छ आहे, याबद्दल तक्रार नाही. परंतु जीएसटीची विवरणे, अडत, तोलाई, हमाली आणि शेतकऱ्याच्या पट्ट्या हे सारे मला शेवटी हातानेच जुळवावे लागत होते. मार्चअखेर जवळ आली तशी झोप उडाली आणि मी निमूटपणे टॅली या विकतच्या सॉफ्टवेअरवर परतलो. आमच्या सीए साहेबांकडेही टॅलीच आहे. त्यांना फाइल द्यायची तर भाषा त्यांचीच बोलावी लागते.

— धागाकर्ता, शाहूपुरीच्या छापखान्यातून :

अडत दुकानाच्या हिशेबनीसांनी खरे लिहिले, म्हणून मीही उरलेले सांगतो. आमच्या माडीवर एक जुना संगणक अजून जपून ठेवला आहे. सुमारे चाळीस फायलींतील चौकटी लिबरऑफिसमध्ये विस्कटतात, त्या तेथेच उघडतो. पावसाळ्यात तो खाली आणत नाही.