बँडिकूट म्हणजे घूस का? आणि तो उकरतो ती अळंबी कोणती?

प्रश्न : मुलांसाठीच्या एका मजकुराचं भाषांतर तपासते आहे. विषय ऑस्ट्रेलियातले प्राणी. त्यात वाक्य आलंय, 'घूस रात्री जमीन उकरून कुत्र्याच्या छत्र्या खाते.' मूळ शब्द बँडिकूट. कोशात घूस असाच अर्थ आहे, तरी खटकतंय. हे आमच्या दापोलीकडची मुलं वाचणार आहेत.

उत्तर : ताई, दोन्ही शब्द बदला. कोशातला अर्थ खरा आहे, पण तो आपल्याकडच्या प्राण्याचा. मूळ शब्द तेलुगूतला पंदिकोक्कु. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे उंदीर. इंग्रजांनी तो इथून उचलला आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका लांब नाकाच्या प्राण्याला लावला. घूस उंदराच्या कुळातली. बँडिकूट कांगारूसारखा पिशवीवाला, आणि मादीच्या पिशवीचं तोंड मागच्या बाजूला असतं, म्हणजे उकरताना पिल्लांवर माती पडत नाही.

शिवाय कोकणात घूस म्हटलं की पोखरलेला बांध आणि पडवीखालची बिळंच डोळ्यांपुढे येतात. बँडिकूटच्या उकरण्याने मात्र रानाचं भलं होतं. तो खातो ती अळंबी म्हणजे एक बुरशीच. तिचे बीजाणू, म्हणजे बीसारखे बारीक कण, त्याच्या विष्ठेतून दुसरीकडे पडतात, आणि तीच बुरशी निलगिरीच्या मुळांना पाणी नि क्षार मिळवून देते. 'घूस' लिहिलंत तर मुलं त्याला नासधूस करणारा समजतील.

आता छत्री. आपल्याकडे पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी उपटून बघा, देठ खाली पार वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. पण तिची छत्री वर उघडते, लांबून दिसते. बँडिकूट शोधतो ती अळंबी मातीतच गोळ्यासारखी राहते, वर येतच नाही, म्हणून तर वास काढत उकरावं लागतं. आणि कुत्र्याची छत्री आपण टाकाऊ, न खाण्याजोगीला म्हणतो.

प्रश्न : मग बँडिकूट तसाच ठेवू? आणि शिशुधानी लिहू की पिशवी?

उत्तर : तसाच ठेवा. शिशुधानी मोठ्या वर्गांच्या पुस्तकात ठीक, इथे पिशवीच बरी. वाक्य असं करता येईल : 'पोटाला पिशवी असलेला बँडिकूट रात्री लांब नाकाने माती हुंगतो आणि जमिनीखालची अळंबी उकरून खातो.'