कॉमेकॉनच्या पंचविशीचं पोलिश नाणं: स्मारक की जाहिरात?

नाणेवेडा: पोलंडने १९७४ साली २० झ्लॉटींचं (झ्लॉटी म्हणजे पोलिश चलन) तांबं-निकेलचं नाणं काढलं. निमित्त कॉमेकॉनची, म्हणजे सोव्हिएत गटाच्या आर्थिक परिषदेची, २५ वर्षं. छाप अर्धं दातेरी चक्र, अर्धं सूर्यफूल. माझ्या मते ही निव्वळ जाहिरात. ज्या परिषदेला स्वतःचं धड चलन जमलं नाही, तिच्या नावाने नाणं? १९६४ पासूनचा हस्तांतरणीय रूबल, म्हणजे परिषदेचं आपसातल्या हिशेबाचं चलन, फक्त खातेवहीत. पोलंडला माल विकून हंगेरीने कमावलेले रूबल प्रागमध्ये खर्च करायचे, तर तो माल आधीच करारात लिहिलेला हवा.

उलटतपासणी: म्हणून व्यापारच खोटा? द्रुझ्बा पाइपलाइनचं सोव्हिएत तेल पोलंडमधल्या प्वोत्स्कच्या रिफायनरीत खरंच पोचत होतं. साल तर बघा! जगात तेल चौपट महागलं तेव्हा कॉमेकॉनमध्ये जुनेच बांधलेले भाव चालू होते. पंचविशीला याहून बरा मुहूर्त कुठला?

नाणेवेडा: आणि १९७५ ला मॉस्कोने भाव ठरवायचं सूत्र बदललं, भाव दरवर्षी बदलू लागले. मुहूर्त बरा होता, टिकला नाही.

उलटतपासणी: मागच्या वर्षांची सरासरी धरून बदलले, त्यामुळे दणका हळूहळू बसला. जागतिक भावाने तेल घेणाऱ्या इटलीला अशी सवलत कोणी दिली होती?

तिसरी घंटा: तुम्ही दोघंही मॉस्कोकडेच बघताय. तेव्हा वॉर्सात पोलिश कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख गिएरेक पाश्चात्त्य बँकांची कर्जं उचलून कारखाने उभारत होते. खिशात सूर्यफूल, देणं डॉलरमध्ये! १९७६ ला खाण्यापिण्याचे भाव वाढवले, तर रादोम शहरातले आणि वॉर्साजवळच्या उर्सुस ट्रॅक्टर कारखान्यातले कामगार रस्त्यावर उतरले.

शिवाय हे चक्र-सूर्यफूल सगळ्यांना कुठे पटलं होतं? कारखाने इतरांचे आणि मका आमचा, ही वाटणी रुमानियाने १९६४ लाच जाहीरपणे धुडकावली.

उलटतपासणी: रुमानिया परिषदेतून बाहेर मात्र पडला नाही. हंगेरीच्या इकारुस बस पूर्व बर्लिनपासून मॉस्कोपर्यंत धावल्या, त्याही जाहिरात का? आपणही सोव्हिएत संघाशी रुपयांत व्यापार केलाच की. त्याला कोणी नाटक म्हणत नाही.

नाणेवेडा: तो दोन देशांचा हिशेब होता, त्याला आपण एकात्मता म्हटलं नाही. इकारुसचं म्हणाल तर १९९१ ला डॉलरमध्ये व्यवहार सुरू झाले आणि सोव्हिएत गिऱ्हाईक गळालं. दावणीला बांधलेलं गिऱ्हाईक होतं ते.

उलटतपासणी: गिऱ्हाईकाकडे डॉलरच नव्हते हो! त्यात बसचा काय दोष?