इन्फो वाल्या मेल आयडीवर रोज दीडशे स्पॅम, वैताग आलाय

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत भावाचं मशीन शॉप आहे, मेलचं सगळं माझ्याच गळ्यात. छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर), त्यावर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम) आणि स्पॅमअसॅसिन (मेलला गुण देऊन स्पॅम ओळखणारा फिल्टर). रोज दीडशेभर कचरा येतो, बेअरिंग घ्या, वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो, असलं. वैतागून थ्रेशोल्ड (किती गुणांना स्पॅम धरायचं तो आकडा) ५ वरनं ३ वर आणला आणि स्पॅम थेट डिलीट करायला लावलं, तर पुण्याच्या एका पार्टीची ड्रॉइंग्ज गायब! भाऊ तीन दिवस वाट बघत बसला, पार्टी म्हणते पाठवलीत. आता तो म्हणतोय तुझ्या फिल्टरपेक्षा स्पॅम परवडला. एसपीएफ पण लावलंय, काडीचा फरक नाही.

टर्मिनलवाला:
पहिलं ते डिलीट बंद करा राव. मिल्टर (मेल आत घेण्याआधीच फिल्टरला विचारणारा जोड) लावा म्हणजे स्कोअर बघून मेल दारातच ५५० (कायमचा नकार) देऊन नाकारता येते, खऱ्या माणसाला तरी कळतं की पोचली नाही. घेऊन गुपचूप फेकली की असंच होणार. आणि आधी घेऊन मग बाउन्स ("पोचली नाही" अशी परतीची मेल) पाठवायचा उद्योग पण नको, स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेकदा खोटा असतो, तुमचा बाउन्स तिसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर.
एसपीएफचं म्हणाल तर ते तुमच्या डोमेनच्या नावानं कोण मेल पाठवू शकतं हे इतरांना सांगायला असतं. स्पॅमवाला स्वतःचं डोमेन घेऊन आला तर त्याचं पण एसपीएफ पास होतं.
कॅच-ऑल (डोमेनच्या कुठल्याही आयडीवर आलेली मेल घेणं) चालू आहे का?

शिरोलीकर:
आहे. भाऊ म्हणाला आयडीचं स्पेलिंग चुकलं तरी ऑर्डर चुकायला नको.

टर्मिनलवाला:
मग पाणी तिथंच मुरतंय. लॉगमध्ये बघा कुठल्या कुठल्या आयडीवर मेल येतायत, अॅडमिन, सेल्स, अकाउंट्स, असली आयडी तुम्ही कधी बनवलीच नसतील. कॅच-ऑल काढा, लोक नेहमी चुकवतात ती दोन-तीन स्पेलिंगं एलियस (त्याच मेलबॉक्सची जादा नावं) म्हणून टाका.
मग पोस्टस्क्रीन, पोस्टफिक्सचाच दारावरचा राखणदार. तो अर्धंच स्वागत करून सहा सेकंद गप्प बसतो, खरा सर्व्हर थांबतो, स्पॅम पाठवणाऱ्या बॉटला दम नसतो, तो आधीच बडबडायला लागतो आणि पकडला जातो. फक्त डीफॉल्टला तो नुसता लॉग करतो, एन्फोर्स (खरंच नाकारायला लावणं) करायला विसरू नका.

नाशिकची_सिसअॅडमिन:
ग्रेलिस्टिंग कुणी सुचवेलच म्हणून आधीच सांगते, चालतं, पण अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा "नंतर या" म्हणतं, त्यामुळं ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपलेली. जीएसटी, बँक याच आयडीवर असेल तर आमच्याकडं झाली तशी बोंब होईल.
थ्रेशोल्ड परत ५ करा. आणि बेयसला (स्पॅमअसॅसिनचा नमुन्यांवरनं शिकणारा भाग) शिकवलंय का? किमान २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल दिल्याशिवाय तो तोंडच उघडत नाही. लोक स्पॅम ढिगानं देतात, चांगल्या द्यायला विसरतात. भावाच्या जुन्या इन्क्वायरी द्या, त्यात "कास्टिंग", "टॉलरन्स" असले शब्द असतील, तेच कामाला येतात.

शिरोलीकर:
सगळं केलं, वर हौसेनं स्पॅमहाऊसची ब्लॉकलिस्ट (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची यादी) पण जोडली. काल दुपारपासून एकही मेल नाही. एकही म्हणजे एकही नाही, माझ्या जीमेलवरनं पाठवलेली पण परत आली 😭

नाशिकची_सिसअॅडमिन:
डीएनएस ८.८.८.८ (गूगलचा सगळ्यांसाठी खुला डीएनएस सर्व्हर, म्हणजे पब्लिक रिझॉल्व्हर) ठेवलाय ना? ब्लॉकलिस्टला डीएनएसवरनंच विचारलं जातं, आणि पब्लिक रिझॉल्व्हरवरनं विचारलं की स्पॅमहाऊसवाले खरं उत्तर देत नाहीत, १२७.२५५.२५५.२५४ असा एरर कोड देतात, आणि तुमचा पोस्टफिक्स त्यालाच "हा आयपी लिस्टमध्ये आहे" समजून सगळ्यांना हाकलतोय. सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड (डीएनएस रिझॉल्व्हर) चालवा, आणि नियमात कुठले कोड धरायचे ते स्पष्ट लिहा.

शिरोलीकर:
तेच होतं!! अनबाउंड टाकला, मेल चालू. आज सकाळपासून सहा स्पॅम, त्यातला एक परत बेअरिंगवाला, पण तो म्हणे खरंच सप्लायर आहे, भाऊ त्याच्याशी फोनवर भाव करतोय. कालच्या दुपारचं त्याला अजून सांगितलं नाहीये.

टर्मिनलवाला:
आज लॉगमधनं काल कोण कोण परत गेलं त्यांची आयडी काढा आणि भावाला विचारायच्या आत एकेकाला फोन लावा 😄